चरित्रांची राखण : कावेरीकाठचा वारसा आणि डिजिटल साधने

माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्या आयुष्याविषयी काय शिल्लक राहावे, ते कोणी सांभाळावे आणि पुढच्या पिढ्यांना ते कोणत्या रूपात वाचता यावे, हा प्रश्न डिजिटल साधनांमुळे नव्याने चर्चेत आला असला, तरी त्याचे मूळ त्या साधनांच्या कितीतरी आधीचे आहे. जीवनकथेचे जतन ही संज्ञा प्रस्तुत लेखात व्यापक अर्थाने वापरली असून, आत्मकथन आणि मुलाखत यांच्यासोबतच घरातील पत्रे, हिशेबाच्या वह्या, वंशावळी, छायाचित्रे, आवाजाची ध्वनिमुद्रणे आणि अलीकडच्या काळात इंटरनेटवर उघडलेली खाती हे सारे तिच्या कक्षेत धरले आहे. या प्रश्नाचा विचार बहुधा यंत्रांच्या क्षमतेपासून सुरू होतो. प्रत्यक्षात मात्र कोणती चरित्रे टिकली आणि कोणती नाहीशी झाली, याचा उलगडा राखणदारी, वाचनीयता आणि संदर्भ या तीन गोष्टींनीच होतो. तमिळनाडूतील तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमच्या ईशान्येस, कावेरी आणि कोळ्ळिडम या नद्यांच्या मधल्या सुपीक पट्ट्यात वसलेले तिरुप्पनंदाळ आणि त्याच्या भोवतीचा प्रदेश या तिन्ही गोष्टींचे पुरावे एकाच ठिकाणी पुरवतो. ताडपत्र, शिलालेख, मोडी कागद आणि पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात बोलली गेलेली मराठी, असे स्मृतीचे अनेक थर येथे एकमेकांवर साचले आहेत.

तिरुप्पनंदाळ हे शैवांचे जुने क्षेत्र आहे. तेथील अरुणजटेश्वराच्या मंदिराचा स्थलवृक्ष, म्हणजे क्षेत्राशी निगडित पवित्र वृक्ष, ताड हा आहे, आणि तेथील कललेले शिवलिंग कुंगिलिय कलय नायनार या भक्ताने स्वतःच्या गळ्यात दोर बांधून सरळ केले, ही कथा शेक्किळार यांनी १२व्या शतकात रचलेल्या ‘पेरियपुराणम्’ या ग्रंथात आली आहे. हा ग्रंथ मुळात ६३ शिवभक्तांच्या चरित्रांचा संग्रह असून, त्यांत राजे आहेत तसेच कुंभार, कोळी आणि परीटही आहेत. कुंभकोणमला लागूनच असलेल्या दारासुरम येथील ऐरावतेश्वर मंदिरात, जे दुसऱ्या राजराज चोळाच्या काळात बांधले गेले, या भक्तांच्या आयुष्यांतील प्रसंग मुख्य वास्तूच्या तळाशी असलेल्या अरुंद पट्ट्यात वीतभर उंचीच्या शिल्पांतून कोरलेले आहेत. ही शिल्पे अत्यंत लहान आहेत आणि त्यांतील आकृती झिजल्या आहेत. तरीही अभ्यासकांना त्यांची ओळख पटवता आली, ती मुख्यतः कारागिरांनी प्रसंगांसोबत तमिळमध्ये कोरून ठेवलेल्या नामलेखांमुळे. आजच्या संग्रहशास्त्रात ज्याला मेटाडेटा म्हणतात, म्हणजे मूळ वस्तूविषयी वेगळी नोंदवलेली माहिती, तीच भूमिका या छोट्या ओळी साडेआठशे वर्षे पार पाडत आल्या आहेत. आज घरोघरी मोबाइलमध्ये साठणाऱ्या हजारो छायाचित्रांपैकी किती छायाचित्रांसोबत माणसांची नावे, गाव आणि निमित्त लिहिलेले असते, हा विचार केला म्हणजे दारासुरमच्या कारागिराची दूरदृष्टी डोळ्यांत भरते.

तिरुप्पनंदाळची दुसरी ओळख तेथील काशी मठ ही आहे. १७व्या शतकातील शैव कवी कुमरगुरुपरर यांनी काशीत स्थापन केलेल्या मठाची परंपरा पुढे त्यांच्या सहाव्या उत्तराधिकाऱ्यांनी, तिल्लैनायक स्वामींनी, १७२० साली तिरुप्पनंदाळला आणली असे मठाचा इतिहास सांगतो. म्हणजे त्या वेळी तंजावरच्या गादीवर भोसले घराण्यातील पहिले सरफोजी होते. काशीच्या केदार घाटावरील मठ आणि कावेरीकाठचा मठ यांचे नाते आजही अबाधित आहे. अशा मठांमध्ये संस्थापकाचे चरित्र टिकून राहते ते दरवर्षीच्या गुरुपूजेमुळे, ग्रंथांच्या नकला करून घेण्याच्या प्रथेमुळे आणि या कामांसाठी लावून दिलेल्या जमिनीच्या उत्पन्नामुळे. जतनाच्या चर्चेत हा शेवटचा मुद्दा फार क्वचित मांडला जातो. स्मृती सांभाळणाऱ्या माणसाच्या पोटापाण्याची व्यवस्था झाल्याशिवाय स्मृती टिकत नाही, आणि कावेरीच्या खोऱ्यातील ज्या संस्था शतकानुशतके उभ्या राहिल्या त्यांनी ही व्यवस्था आधी केली होती.

ताडपत्राच्या आयुष्यातून हाच धडा आणखी स्पष्ट होतो. ताडाची पाने शिजवून, वाळवून, घोटून सारखी कापली जात; लोखंडी लेखणीने त्यांवर अक्षरे कोरली जात आणि मग काजळी चोळून ती उठावदार केली जात. किडीपासून बचावासाठी गवती चहाच्या जातीच्या गवतापासून काढलेले तेल वेळोवेळी लावले जाई. एवढे करूनही दमट हवेत अशा पोथीचे आयुष्य साधारणतः दोन-तीनशे वर्षांपलीकडे जात नाही, त्यामुळे आज वाचायला मिळणारा प्राचीन तमिळ मजकूर हा जवळजवळ सगळाच नकलांच्या नकलांतून आलेला आहे. जी पोथी नकलण्याजोगी कोणाला वाटली नाही, ती नाहीशी झाली. या नाशाची आणि शोधाची सर्वांत तपशीलवार हकीकत ज्यांच्यामुळे ठाऊक झाली ते उ. वे. स्वामिनाथ अय्यर (१८५५–१९४२) याच मुलखातले. कुंभकोणमजवळचे उत्तमदानपुरम् हे त्यांचे मूळ गाव, कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात त्यांनी १८८० पासून अध्यापन केले, आणि तेथल्याच एका मुन्सफांनी विचारलेल्या प्रश्नामुळे ते विस्मृतीत गेलेल्या जुन्या तमिळ काव्यांच्या पोथ्या शोधण्याकडे वळले. त्यांनी आपल्या गुरूंचे, मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै यांचे, दोन खंडांचे चरित्र लिहिले. स्वतःचे चरित्र ‘आनंद विकटन’ या साप्ताहिकातून १९४० पासून क्रमशः प्रसिद्ध होत असताना त्यांचे निधन झाले आणि अपुरे राहिलेले ते लेखन १९५० साली ग्रंथरूपाने आले. ग्रंथ वाचवणाऱ्या या विद्वानाने माणसांची चरित्रे लिहिण्यावर एवढा भर दिला, यामागचे कारण उघड आहे : पोथी कोणी जपली, कोणी उसनी दिली आणि कोणी कचरा समजून फेकली, हे जाणणाऱ्या माणसांची कथा गेली तर पोथीचा इतिहासही अर्धाच उरतो.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या प्रदेशातील सर्वांत ठळक चरित्रलेख दगडावरचा आहे. व्यंकोजींनी १६७५–७६ च्या सुमारास स्थापन केलेले भोसल्यांचे राज्य तंजावरात १८५५ पर्यंत नांदले, आणि १८०३ साली दुसऱ्या सरफोजींच्या आज्ञेने बाबूराव चिटणीस यांनी रचलेला भोसले वंशाचा विस्तृत मराठी इतिहास बृहदीश्वर मंदिराच्या आवारातील भिंतीवर देवनागरीत कोरण्यात आला. मराठीतील सर्वांत दीर्घ शिलालेखांपैकी हा एक. त्याचा काळ लक्षात घेतला तर त्याचा हेतू अधिक नीट कळतो. सरफोजी हे दत्तक पुत्र. गादीवरचा त्यांचा हक्क दत्तक पित्याचे सावत्र भाऊ अमरसिंह यांनी नाकारलेला. १७९८ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या पाठबळावर गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी, १७९९ च्या तहाने, राज्याचा प्रत्यक्ष कारभार कंपनीच्या हाती गेला. सत्ता हातातून निसटल्यावर सुमारे चार वर्षांत कुळाची कथा दगडात कोरली गेली, हा योगायोग मानणे कठीण आहे. वंशाची सलगता सिद्ध करण्याची गरज जितकी तीव्र, तितके निवडलेले माध्यम टिकाऊ, असे या लेखाविषयी म्हणता येते; आणि म्हणूनच तो इतिहासाचे साधन म्हणून वापरताना कोणी, कोणासाठी आणि कोणत्या घडीला लिहून घेतला याची नोंद सोबत ठेवावी लागते. स्वतःच्या आयुष्याची निवडक आणि नीटनेटकी मांडणी करून ठेवण्याची इच्छा आजच्या डिजिटल वारशातही तितकीच प्रबळ आहे, त्यामुळे ही सावधगिरी तेथेही लागू पडते.

दगडावर राजे आले. बाकीच्यांची आयुष्ये कागदावर विखुरलेली राहिली. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात, जे नायक राजांच्या काळापासून वाढत आले, सरफोजींनी समृद्ध केले आणि १९१८ साली सार्वजनिक झाले, तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखितांशिवाय मराठा दरबाराच्या कागदपत्रांचे १,३४२ गठ्ठे आहेत. हे कागद मोडीत, म्हणजे हात न उचलता भरभर लिहिण्यासाठी रूढ झालेल्या मराठीच्या वळणदार लिपीत आहेत. त्यांत वाडे, मंदिरे, अन्नछत्रे, गवई, वैद्य, स्वयंपाकी, माहूत, शिलेदार यांच्यावर झालेल्या खर्चाच्या नोंदी आढळतात. अमक्याला किती चक्रम आणि किती पणम (ही तेथली नाणी) दिले, कशासाठी दिले, कोणत्या तिथीस दिले, एवढीच ती ओळ असते. तरीही ज्या माणसाने आत्मचरित्र लिहिले नाही आणि ज्याच्याविषयी कोणी पोवाडा रचला नाही, त्याच्या आयुष्याचा बहुधा तोच एकमेव लेखी पुरावा असतो. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने यांतील निवडक कागदांचा तमिळ अनुवाद १९८९ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध केला, त्यामुळे आज असा विलक्षण प्रसंग ओढवला आहे की तंजावरच्या मराठ्यांच्या कारभाराचे तपशील मराठी वाचकापेक्षा तमिळ वाचकाला अधिक सहज मिळतात. मराठी विद्यापीठांनी आणि प्रकाशकांनी या कामाची दखल घेऊन त्याला जोड देण्याची निकड मोठी आहे.

मोडीचा अनुभव डिजिटल जतनाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, कारण येथे कागद टिकला, शाई टिकली, भाषाही जिवंत राहिली, आणि तरीही वाचणारा उरला नाही. २०व्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून आणि कचेऱ्यांतून मोडी हद्दपार झाली; त्यानंतर कोट्यवधी कागद, ज्यांत पुण्याच्या पेशवे दप्तराचा समावेश होतो, थोड्याशा जाणकारांच्या डोळ्यांवर अवलंबून राहिले. संगणकाच्या जगात हीच अवस्था जुन्या फाइलींची होते : बिट शाबूत असतात, पण ते उघडणारी प्रणाली बंद पडलेली असते. या बाबतीत गेल्या दशकात काही ठोस पावले पडली आहेत. जगातील लिप्यांना संगणकासाठी एकसमान क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणात २०१४ साली मोडीला स्थान मिळाले, त्यामुळे मोडी मजकूर चित्र म्हणून न ठेवता अक्षरे म्हणून साठवणे आणि शोधणे शक्य झाले; आणि २०२५ साली आयआयटी रुरकी येथील संशोधकांनी मोडी लेखनाच्या प्रतिमांचे देवनागरीत लिप्यंतर करणारी यंत्रशिक्षणावर आधारित पद्धती मांडली. अशा पद्धतींना शिकवण्यासाठी माणसांनी आधी अचूक वाचलेली हजारो पाने लागतात. तंजावरी मोडीचे वळण, तिच्यातील तमिळ आणि तेलुगू शब्द, स्थानिक नाणी आणि मापे ही पुण्याच्या दप्तरापेक्षा वेगळी आहेत, तेव्हा पुणेरी कागदांवर शिकलेले यंत्र तंजावरच्या गठ्ठ्यांसमोर अडखळणार हे गृहीत धरूनच स्थानिक जाणकारांचे वाचन आत्ताच नोंदवून ठेवायला हवे.

कागदाबाहेरचा आणि सर्वांत नाजूक थर म्हणजे तंजावरी मराठी माणसांच्या स्वतःच्या आठवणी. तंजावर, कुंभकोणम आणि परिसरात स्थिरावलेल्या, मुख्यतः देशस्थ, कुटुंबांपैकी अनेक पुढे चेन्नई, बंगळूर, मुंबई आणि परदेशात पांगली. कुंभकोणमला १८२८ साली जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले. अशा कर्तबगार पुरुषांची चरित्रे लिहिली गेली, पण ज्या स्त्रियांनी चार-पाच पिढ्या तमिळ शेजारात घरातली मराठी बोली, सणवार आणि स्वयंपाक जपला, त्यांच्या आयुष्यांची लेखी नोंद अगदी तुरळक आहे. मद्रासमध्ये १९१२ साली सुरू झालेल्या मराठा एज्युकेशन फंडाने आपल्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९३७ मध्ये दक्षिणेतील महाराष्ट्रीयांविषयीचा संग्रह प्रसिद्ध केला, तो या समाजाच्या आत्मभानाचा महत्त्वाचा टप्पा होय.

या कुटुंबांच्या इतिहासशोधात एक अडचण सतत आडवी येते आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. महाराष्ट्रात कुलवृत्तांत, म्हणजे एका आडनावाच्या सर्व शाखांची क्रमवार वंशावळ आणि माहिती देणारा ग्रंथ, हा प्रकार २०व्या शतकात रुजला आणि त्याची सारी रचना आडनावावर उभी राहिली. तमिळ प्रदेशात मात्र आडनाव लावण्याची रीत नसल्याने तेथील मराठी कुटुंबांतही ते गळून पडले. नावाआधी गावाचे किंवा वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आणि नावामागे ‘राव’ एवढीच खूण उरली. वडिलांचे आद्याक्षर दर पिढीला बदलते, त्यामुळे आजोबा, वडील आणि मुलगा यांची नावे एखाद्या संगणकीय वंशावळीच्या तक्त्यात भरली तर ती तीन वेगळ्या घराण्यांची वाटतात. पाश्चात्त्य घडणीच्या वंशावळ-सेवांमध्ये आडनावाचा रकाना केंद्रस्थानी असतो, आणि तेथे नाइलाजाने ‘राव’ भरला की हजारो असंबद्ध माणसे एका कुळात गोळा होतात. गोत्र, कुलदैवत, अग्रहाराचे नाव आणि मातुल घराणे यांच्या आधारे नाते जोडणारी नोंदपद्धती या समाजासाठी वेगळी आखावी लागेल. तांत्रिकदृष्ट्या ते अवघड नाही, फक्त आखणाऱ्याला या घरांची रीत माहीत असली पाहिजे.

बोलीचा प्रश्नही याच जातीचा आहे. तंजावरी मराठीत जुन्या मराठीची रूपे आणि तमिळचा शेजार एकत्र नांदतो, आणि ती बोलणाऱ्यांपैकी पुष्कळांना देवनागरी सराईतपणे वाचता येत नाही. त्यांचे शिक्षण तमिळ आणि इंग्रजीतून झालेले असल्याने मातृभाषेतील टिपण ते तमिळ लिपीत करतात. अशा वक्त्याची जीवनकथा पुण्याच्या प्रमाण मराठीत ‘शुद्ध’ करून छापली तर तिचा अर्धा जीव निघून जातो. म्हणून येथे आवाज हा मूळ दस्तऐवज मानावा लागतो आणि लेखन त्याच्या सोबतीला येते. आवाज नोंदवण्याचा सरकारी प्रयत्न भारतात फार पूर्वी झाला होता : जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाशी जोडलेली ग्रामोफोन ध्वनिमुद्रणे १९१३ ते १९२९ या काळात झाली आणि ती आता संगणकावर ऐकता येतात. मात्र तुलनेच्या सोयीसाठी त्या सर्वेक्षणात ठिकठिकाणच्या वक्त्यांकडून बायबलमधील उधळ्या पुत्राची एकच गोष्ट वदवून घेतली गेली. भाषेचा नमुना त्यामुळे मिळाला, बोलणाऱ्याचे आयुष्य मात्र त्या तबकडीत आले नाही.

ही उणीव महाराष्ट्रातील एका प्रकल्पाने विलक्षण निष्ठेने भरून काढली आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतील स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह आधी कागदावर, मग बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने ध्वनिमुद्रणात आणि २०१७ पासून ‘परी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहात उपलब्ध होत गेला. माहेर, सासर, लेकरे, कष्ट, विठ्ठल आणि बाबासाहेब यांच्याविषयी या स्त्रियांनी गायिलेल्या ओव्या म्हणजे ज्यांना लिहिण्याची मुभा नव्हती त्यांची आत्मचरित्रेच होत. या संग्रहाचे मोल ओव्यांच्या संख्येइतकेच त्याच्या शिस्तीत आहे : गाणारीचे नाव, गाव, तालुका, ध्वनिमुद्रणाची तारीख, ओवीचा विषय आणि अनुवाद एकत्र दिलेला असतो, आणि पुष्कळ गायिकांना वर्षांनंतर पुन्हा भेटून त्यांचे पुढचे आयुष्य नोंदवले गेले. बलुतं (१९७८) आणि जिणं आमुचं (१९८६) यांसारख्या आत्मकथनांनी छापील मराठीत जे केले, त्याची मौखिक बाजू या संग्रहाने उभी केली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

जगात अन्यत्रही मौखिक इतिहासाचे, म्हणजे अनुभव घेतलेल्या माणसाकडून पद्धतशीर मुलाखतीने मिळवलेल्या इतिहासाचे, मोठे संग्रह उभे राहिले आहेत. अमेरिकेत १९९४ साली स्थापन झालेल्या शोआ प्रतिष्ठानाने नाझी नरसंहारातून वाचलेल्यांच्या आणि इतर साक्षीदारांच्या ५० हजारांहून अधिक चित्रित साक्षी जमवल्या. २००३ मधील स्टोरीकोर उपक्रमाने सामान्य नागरिकांनी एकमेकांना विचारलेल्या प्रश्नोत्तरांचे मुद्रण अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयात जमा करण्याची पद्धत पाडली. आणि फाळणीच्या आठवणींसाठी २०१० मध्ये सुरू झालेल्या १९४७ पार्टिशन आर्काइव्हने स्वयंसेवकांना प्रशिक्षण देऊन हजारो मुलाखती मिळवल्या. या तिन्हींत साक्षीदार हयात असतानाच काम हाती घेतले गेले आणि मुद्रण कोठे ठेवायचे याचा विचार आधी झाला होता.

तो विचार झाला नाही तर काय होते, याची उदाहरणे इंटरनेटच्या अल्प इतिहासातही भरपूर आहेत. लाखो लोकांची वैयक्तिक पाने सांभाळणारी जिओसिटीज ही सेवा २००९ मध्ये मुख्यत्वे बंद झाली आणि त्यातला काही भाग स्वयंसेवकांनी धावपळ करून वाचवला. मायस्पेसवरील २००३ ते २०१५ या काळातील संगीत सर्व्हर बदलताना नष्ट झाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. आणि दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ पासून अमलात आणले. मृत माणूस खाते वापरत नाही, त्यामुळे या शेवटच्या धोरणाचा फटका नेमका वारशाला बसतो. डिजिटल फाइल ताडपत्रासारखी हळूहळू झिजत नाही. ती एका दिवशी उघडते आणि दुसऱ्या दिवशी उघडत नाही. म्हणून संग्रहशास्त्राने काही साधे नियम घालून दिले आहेत. एकच मजकूर निदान तीन प्रतींत, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी. खुल्या आणि सर्वमान्य स्वरूपाच्या फाइली निवडाव्यात, जेणेकरून एखादी कंपनी बुडाली तरी त्या वाचता येतील. प्रत्येक फाइलची हॅश, म्हणजे तिच्यातील बिटांवरून गणिताने काढलेली खूण, जपून ठेवावी आणि ठरावीक काळाने ती पुन्हा काढून ताडून पाहावी, कारण एक बिट जरी बदलला तरी ही खूण वेगळी येते. आणि दर काही वर्षांनी सारा संग्रह नव्या साधनावर उतरवावा. तिरुप्पनंदाळच्या परिसरातील मठांत नकलकार जे करीत आले, त्याचेच हे आजचे रूप आहे.

खात्यांच्या वारशाची कायदेशीर बाजू हळूहळू आकार घेत आहे. खातेदार निष्क्रिय झाल्यास माहिती कोणाला द्यायची हे आधी सांगून ठेवण्याची सोय गूगलने २०१३ मध्ये, स्मृतिखात्याची देखभाल करणारी व्यक्ती नेमण्याची सोय फेसबुकने २०१५ मध्ये आणि तशीच व्यवस्था ॲपलने २०२१ मध्ये दिली. भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम १४ ने मृत्यू किंवा असमर्थता आल्यास आपले हक्क बजावण्यासाठी दुसऱ्या व्यक्तीला नामनिर्देशित करण्याचा अधिकार दिला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. बँकेच्या खात्याला वारस नेमण्याची सवय मराठी मध्यमवर्गाला लागली आहे, तशी ती आठवणींच्या खात्यांनाही लागणे आवश्यक आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने या क्षेत्रात आणलेला पेच यापेक्षा गंभीर आहे. जानेवारी २०२४ मध्ये तमिळनाडूत एका ज्येष्ठ खासदाराच्या आत्मचरित्राच्या प्रकाशनावेळी २०१८ साली दिवंगत झालेले माजी मुख्यमंत्री मु. करुणानिधी यांची यंत्रनिर्मित प्रतिमा पडद्यावर येऊन बोलली. आवाज त्यांच्यासारखा होता, चष्मा आणि पिवळे उपरणे तेच होते, आणि शब्द मात्र त्यांनी कधी उच्चारलेले नव्हते. मृताच्या तोंडी नवे शब्द घालणे आणि त्याचे शब्द जपणे या दोन क्रिया एकमेकींच्या विरोधी आहेत, ही भूमिका या आढाव्यात ठामपणे घ्यावीशी वाटते. शोआ प्रतिष्ठानाच्या संवादी साक्षींमध्ये संगणक प्रश्न ओळखतो, पण उत्तर साक्षीदाराने हयातीत चित्रित केलेले जसेच्या तसे दाखवतो. ही पद्धत स्वीकारार्ह आहे, कारण तेथे यंत्र फक्त शोधून देते. अशाच तंत्रावर उभी राहिलेली अमेरिकेतील स्टोरीफाइल ही खासगी कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि जीवनकथा व्यापारी सेवेकडे सोपवताना ती सेवा उद्या असेल का, हा प्रश्न अधिक धारदार झाला.

कावेरीकाठच्या मराठी माणसांच्या जीवनकथांसाठी यातून निघणारा मार्ग फारसा खर्चिक नाही. मुलाखत घरातल्या बोलीत व्हावी आणि ‘तुमचे आयुष्य सांगा’ अशा भल्यामोठ्या प्रश्नाऐवजी हाताशी असलेल्या वस्तूपासून सुरू व्हावी : लग्नपत्रिका, देवघरातील विठोबा, जुना भाडेकरार, पितळी भांड्यावर कोरलेले नाव. ध्वनिमुद्रण संकुचित न केलेल्या स्वरूपात ठेवावे, त्याचे शब्दशः लेखन तमिळ आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत करावे, आणि त्यांच्या जोडीला प्रमाण मराठीतील सारांश द्यावा. एक प्रत कुटुंबाकडे राहावी, दुसरी सरस्वती महाल किंवा तमिळ विद्यापीठासारख्या तंजावरातील संस्थेत आणि तिसरी महाराष्ट्रातील संशोधनसंस्थेत जमा व्हावी. वक्त्याची संमती लेखी घेताना मुद्रण कोण ऐकू शकेल आणि कशासाठी वापरता येईल हे स्वतंत्र कलमांत विचारावे, यंत्रांना शिकवण्यासाठीच्या वापराचे कलम वेगळे असावे, आणि प्रत्येक कलमाला नकार देण्याची मोकळीक असावी.

काही गोष्टी सांगणाऱ्याला सांगायच्या असतात, पण आप्तांच्या हयातीत उघड व्हायला नको असतात : वाटणीचे तंटे, मोडलेली लग्ने, जातिभेदाने दिलेल्या आणि घेतलेल्या जखमा. त्यांच्यासाठी बंद मुदतीची, म्हणजे ठरलेल्या वर्षापर्यंत मजकूर कोणालाही न दाखवण्याची, पद्धत जगभरच्या अभिलेखागारांत रूढ आहे आणि ती येथेही वापरता येईल. मात्र सांकेतिक कुलपात ठेवलेल्या फाइलीची चावी हरवली तर ती मोडीच्या न वाचलेल्या कागदापेक्षाही कायमची मुकी होते, कारण मोडी आजही शिकता येते. म्हणून अशा संग्रहात चावी एका माणसाच्या नावावर न ठेवता संस्थेतील पदावर ठेवावी, मुदत संपण्याची तारीख सूचीत ठळक लिहावी, आणि ती सूची कागदावर छापून गठ्ठ्यांशेजारी ठेवावी.